तास नका मोजू, बोटं मोजा

प्रति,
कारखान्यांतल्या सुरक्षिततेच्या नियमांचा मसुदा लिहिणारे सर्व अधिकारी,
मुंबई आणि दिल्ली

विषय: अपघात कळवण्याचा कागद आणि हरकती मागवण्याची पद्धत, याबाबत हरकत व सूचना

महोदय, महोदया,

विषयाच्या ओळीत 'हरकत व सूचना' असं लिहिलं की पत्र बरोबर टेबलावर जातं, एवढं मला माहीत आहे. सव्वीस वर्षं मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत टाइम ऑफिसात काढली. आधी एका कंपनीत, मग दुसऱ्या, आणि शेवटची नऊ वर्षं सात-आठ छोट्या वर्कशॉपची कागदपत्रं एकट्याने सांभाळत. हजेरी, पगारपत्रक, रजेचं रजिस्टर, अपघाताचं रजिस्टर, सेफ्टी कमिटीचं इतिवृत्त, वार्षिक विवरणपत्र. शासनाने कारखान्याला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं लिहिणं हा माझा धंदा होता. उत्तरं खरी असायची का, ते सांगायलाच हे पत्र लिहायला बसलो आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता देशात लागू झाल्या. त्यांतली 2020 ची सुरक्षा आणि आरोग्याची संहिता तेरा जुने कायदे पोटात घेऊन आली, 1948 चा कारखाने कायदाही त्यातच गेला. कायदा बदलला की नियम बदलतात आणि नियम बदलले की नमुने. नमुना म्हणजे तुमच्याकडे फॉर्म. आमच्याकडे नमुना म्हणजे वेगळ्याच चालीचा माणूस, आणि भरून झालेले काही फॉर्म पाहिले की दोन्ही अर्थ खरे वाटतात. ते असो. नमुने नव्याने लिहिले जात असताना एका वाक्याकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे. ते वाक्य मी आयुष्यभर वापरलं, आणि वाईट वापरलं.

कारखाने कायद्याचं कलम 88 मला पाठ होतं. नव्या संहितेत ते कलम 10 झालं, शब्द जवळपास तेच राहिले. अपघातात माणूस दगावला, किंवा अपघातानंतर लगेचचे 48 तास किंवा त्याहून जास्त वेळ त्याला काम करता आलं नाही, तर तो अपघात सरकारला कळवायचा. हे 48 तास का घातले असतील ते समजतं. कुणाला खरचटलं, पट्टी लावली, दुसऱ्या दिवशी गडी कामावर आला, तर त्याचा कागद कशाला रंगवायचा? ठीकच आहे. पण वाळूजमध्ये या वाक्याचा अर्थ काय निघाला, ते ऐका.

पंधराएक वर्षं झाली असतील. ऑटो पार्टचं काम करणारी कंपनी, रात्रपाळी, पॉवर प्रेस, म्हणजे जोराने खाली येऊन पत्रा दाबणारं मशीन. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात डायमध्ये, साच्यात, असायची शक्यताच राहत नाही. हुशार माणसाने काढलेली युक्ती आहे. पण तासाला नग किती पडले याचा हिशोब सुपरवायझरला द्यायचा असतो. मग एका बटणात काहीतरी ठोकून ते कायमचं दाबून ठेवतात, एका हाताने बटण आणि दुसऱ्या हाताने माल. हे सगळ्यांना ठाऊक असतं. मेंटेनन्सवाल्याला, सुपरवायझरला, मलाही ठाऊक होतं. त्या रात्री अडीचच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यातल्या एका बावीस वर्षांच्या पोराची उजव्या हाताची दोन बोटं गेली. तर्जनी आणि मधलं, दुसऱ्या पेरापासून.

त्याला ॲम्ब्युलन्सने नेलं नाही. ॲम्ब्युलन्स आली की गेटवर नोंद होते. सुपरवायझरच्या गाडीत मागच्या सीटवर बसवून एका खासगी दवाखान्यात नेलं, टाके घातले, पहाटे वाळूजजवळच्या रांजणगावच्या खोलीवर सोडलं. आणि सकाळी साडेसहाला कंपनीची गाडी पुन्हा त्याच्या दारात. का, तर पहिल्या पाळीची हजेरी लावायला.

तीन दिवस तो पोरगा माझ्यासमोर खुर्चीत बसून होता. आठ तास. गोळ्यांनी डोळे मिटायचे, मान कलंडायची. चहा डाव्या हाताने प्यायचा आणि अर्धा शर्टावर सांडायचा. मला काका म्हणायचा. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "काका, मला इथं कशाला बसवायलेत? घरी झोपू द्या की." मी म्हणालो, पगार कापला जाऊ नये म्हणून. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, त्याच्या नावापुढे तीन दिवस 'पी' लागला, म्हणजे हजर. 48 तास उलटून गेले, माणूस कामावर हजर. कळवायचा अपघात झालाच नाही.

अपघाताच्या रजिस्टरमध्ये मी माझ्या अक्षरात लिहिलं: 'उजव्या हाताला किरकोळ जखम. प्रथमोपचार करून कामावर रुजू.' खाली त्याचा डावा अंगठा घेतला. पोरगा बारावी झालेला, सही झोकदार करायचा, पण सहीचा हात पट्टीत होता. आणि पुरुषाचा अंगठा घ्यायचा तर डावाच घेतात, त्यामुळे पाहणाऱ्याला त्यात काही खटकायचंही कारण नव्हतं. कागद एकदम चोख.

गेटवर एक फळा होता, 'अपघाताविना दिवस' असा. रोज सकाळी आकडा बदलायचं काम माझंच. त्या सकाळीही मी आकडा एकने वाढवला.

तो गावी गेला आणि दोनेक वर्षांनी परत आला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की कर्मचारी राज्य विमा योजनेत कामावरच्या जखमेला बरे होईपर्यंत पगाराच्या 90 टक्के भत्ता मिळतो आणि कायमचं अपंगत्व आलं तर महिन्याच्या महिन्याला जन्मभर पैसे मिळतात. खरंच आहे ते. त्याने अर्ज केला, तर पहिला प्रश्न आला, मालकाने दिलेला अपघाताचा अहवाल कुठे आहे? अहवाल नव्हता. होतं ते रजिस्टर, आणि त्यात माझं 'किरकोळ'. तो माझ्याकडे आला, भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "काका, मह्या बोटाला किरकोळ तुम्हीच लिव्हलं का?"

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही म्हणाल, 48 तास कायद्यातच आहेत, नियम लिहिणाऱ्याच्या हातात काय आहे? हातात आहे. ते कलम पुन्हा शेवटपर्यंत वाचा. मृत्यू आणि 48 तास यांच्यानंतर तिसरा तुकडा आहे: 'किंवा शासन विहित करील अशा स्वरूपाचा' अपघात. जुन्या कलमातही होता, नव्यातही आहे. म्हणजे कायद्याने दार उघडं ठेवलंय आणि दाराची कडी तुमच्या हातात दिलीय. नियमात एक ओळ घाला: शरीराचा कुठलाही भाग तुटला, डोळा गेला, किंवा दवाखान्यात दाखल करावं लागलं, तर माणूस दुसऱ्या दिवशी हजर असो नसो, तो अपघात कळवायचा. तास मोजू नका, बोटं मोजा. तासांची हजेरी लावता येते, बोटांची नाही लावता येत.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली गोष्ट नाही. शेवटच्या कंपनीत एक अमेरिकन गिऱ्हाईक होतं, त्यांचं ऑडिट यायचं, म्हणून त्यांच्याकडचे नियम वाचावे लागले. कामगारांची सुरक्षितता पाहणारं त्यांचं ओशा नावाचं खातं आहे, त्याचा 2015 पासूनचा नियम आहे: कामावर मृत्यू झाला तर 8 तासांत कळवा, अवयव तुटला, डोळा गेला किंवा माणूस दवाखान्यात भरती झाला तर 24 तासांत. किती दिवस घरी बसला हा प्रश्नच तिथे नाही. तिकडे लपवाछपवी होत नाही असं मी म्हणत नाही, माणसं सगळीकडे सारखीच. पण तुटलेलं बोट खुर्चीत बसवून जोडता येत नाही, एवढं तो नियम लिहिणाऱ्याला कळलं होतं.

त्याच कागदात जखमी माणसाच्या स्वतःच्या शब्दांसाठी चार ओळींची जागा हवी. आजवर अपघाताच्या जेवढ्या कागदांवर मी पेन चालवलं, त्या सगळ्यांत माहिती द्यायची मालकाने आणि सही मॅनेजरची. ज्याचा हात गेला त्याने काय पाहिलं, बटण बांधलेलं होतं का, किती तासांपासून तो उभा होता, हे विचारणारी ओळच नाही. आणि त्याची एक प्रत त्याच्या मोबाइलवर जाऊ द्या, क्रमांकासहित. गॅस सिलिंडर निघाला तरी मेसेज येतो हो. बोट गेल्याचा का येऊ नये?

कारखानदारांवर सगळं ढकलून मोकळं व्हायचा माझा विचार नाही. नऊ वर्षं मी ज्यांची कागदपत्रं केली, त्यांतले निम्मे मालक स्वतः लेथवर उभे राहणारे होते. बँकेचा हप्ता, वरच्या कंपनीचं रेट कमी करण्याचं पत्र, आणि त्यात माझ्यासारखा माणूस दर महिन्याला सांगणार की अमुक रजिस्टर राहिलंय. त्यांच्या लेखी सुरक्षितता म्हणजे फाईल. इन्स्पेक्टर आला तर पुढे करायची जाडजूड फाईल, बस. मशीनला गार्ड बसवायला जे पैसे आणि जो अर्धा दिवस लागला असता, तो फाईल सजवण्यात जायचा. 2017 मध्ये केंद्राने वेगवेगळ्या कामगार कायद्यांची 56 रजिस्टरं एकत्र करून 5 केली, तेव्हा मी पेढे वाटले होते. पण रजिस्टरं कमी झाली म्हणून प्रश्न शहाणे झाले नाहीत. तेच रकाने, फक्त कमी वह्यांमध्ये.

पुन्हा त्या अमेरिकन ऑडिटची एक गोष्ट सांगतो, कारण ती वाचून मला टाइम ऑफिसात एकट्यालाच हसू आलं होतं. त्यांच्याकडे 1980 पासून कागदी कामाचा बोजा कमी करण्याचा एक कायदा आहे. कुठल्याही केंद्रीय खात्याला लोकांकडून नवी माहिती मागवायची असेल, तर ती का हवी आणि तो कागद भरायला माणसाला साधारण किती वेळ लागेल, याचा अंदाज आधी जाहीर करावा लागतो. त्यावर 60 दिवस लोकांचं म्हणणं मागवायचं, मग मंजुरी देणाऱ्या कार्यालयाकडे पाठवून आणखी 30 दिवस. मंजुरीचा क्रमांक फॉर्मवर नसेल तर तो भरला नाही म्हणून कुणाला दंड करता येत नाही. सव्वीस वर्षांत मला कुणी विचारलं नाही, की बाबा रे, या कागदाला किती वेळ लागतो? मी सांगतो. सेफ्टी कमिटीच्या बैठकीचं इतिवृत्त: चार मिनिटं. मागच्या तिमाहीचं उघडायचं, तारीख बदलायची, 'पिण्याच्या पाण्याची व्यवस्था समाधानकारक' हे वाक्य तसंच ठेवायचं, प्रिंट काढून सात जणांच्या सह्या जेवणाच्या सुट्टीत घ्यायच्या. बैठकीला शून्य मिनिटं, कारण बैठक होतच नाही.

आणि 4 मार्च. राष्ट्रीय सुरक्षा परिषद 1966 मध्ये याच तारखेला स्थापन झाली, म्हणून तो सुरक्षा दिन. छातीला हिरवा बिल्ला, शपथ, समोसा, ग्रुप फोटो. फोटो फाईलला लागतो. एका वर्षी शपथ चालू असताना मागे प्रेस चालूच होती, कारण डिस्पॅच अडकला होता. फोटोत ती दिसत नाही, आवाज तर फोटोत येतच नाही.

आता कागद ज्यांच्यापर्यंत पोचतच नाही, त्यांच्याविषयी. नव्या संहितेत वीज वापरणारा कारखाना 20 कामगारांपासून धरलाय, बिनविजेचा 40 पासून. सुरक्षा अधिकारी सक्तीचा आहे तो 500 कामगारांपासून, धोकादायक प्रक्रिया असेल तर 250 पासून. हे आकडे ठरवताना तुमच्या डोळ्यांसमोर मोठी कंपनी असणार. माझ्या डोळ्यांसमोर वाळूजच्या मागच्या गल्ल्यांतले शेड येतात. मस्टरवर अठरा जण आणि शेडमध्ये एकतीस. कसं? सहा ठेकेदाराचे, चार ट्रेनी, तिघे 'आजच आलेत साहेब'. ती तिघं वर्षभर आजच आलेली असतात. त्यांच्यातल्या कुणाला काही झालं, तर विम्याचं कार्ड अपघाताच्या दुसऱ्या दिवशी निघतं. हेही मी केलंय.

31 डिसेंबर 2023 च्या पहाटे वाळूजमध्ये हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली. सहा कामगार गेले. ते रात्री आतच झोपलेले होते. त्या कारखान्याच्या कागदांविषयी मला काही म्हणायचं नाही, मी ते पाहिलेले नाहीत. मी फक्त माझ्या कपाटातले सगळे नमुने काढून त्या आठवड्यात पुन्हा वाचले. वायुवीजन आहे का, आहे. अग्निशामक नळकांडी किती, तारीख काय, आहे. स्त्रियांसाठी वेगळं प्रसाधनगृह, आहे. 'रात्री कामानंतर आत कोणी झोपतं का, आणि दार कुठल्या बाजूने बंद होतं?' हा प्रश्न माझ्याकडच्या एकाही कागदात सापडला नाही. परगावचा पोरगा शेडमध्येच झोपतो हे औद्योगिक वसाहतीतल्या प्रत्येक चहावाल्याला माहीत असतं. भाड्याचे पैसे वाचतात, मालकाला राखणदार मिळतो. कागदाला तेवढं माहीत नाही.

परभणीकडच्या जिनिंगमध्येही मी एक हंगाम काढलाय, सुरुवातीच्या दिवसांत. जुन्या कायद्याचं कलम 27 खास कापसासाठी होतं: ज्या भागात कॉटन ओपनर, म्हणजे कापूस मोकळा करणारं मशीन, चालतो तिथे कापूस दाबायच्या कामावर बाई नको, मध्ये भिंत असेल तर चालेल. कलम 22 मध्ये चालत्या मशीनजवळ जाणाऱ्या गड्याने घट्ट कपडे घालायचे. जिनिंगमध्ये कापूस पुढे लोटणाऱ्या बायका लुगड्याचा पदर खोचून, वर नवऱ्याचा शर्ट घालून यायच्या. हाच त्यांचा घट्ट कपडा, आणि तो त्यांना कुण्या इन्स्पेक्टरने शिकवलेला नव्हता. एकीचा पदर पट्ट्यात गेला होता म्हणून बाकीच्या शिकल्या. त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी नियम लिहून दिला असता, तुमच्यापेक्षा सोपा. ऊसतोडीचं बोलायला लागलो तर पत्र संपणार नाही. कोयता घेऊन जोडीने जाणारी माणसं मुकादमाच्या वहीत असतात, तुमच्या नाही, एवढंच म्हणून पुढे जातो.

विचारण्याचा विषय निघालाच आहे तर त्याविषयी थोडं जास्त लिहितो, माझी खरी हरकत तिथेच आहे.

कारखाने कायद्याचं कलम 115 सांगत होतं की नियम पक्के करण्याआधी मसुदा राजपत्रात छापायचा आणि किमान 45 दिवस थांबायचं. 1897 च्या सर्वसाधारण वाक्यखंड अधिनियमातही हेच तत्त्व आहे: ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांच्या माहितीसाठी मसुदा प्रसिद्ध करा, आलेल्या हरकती विचारात घ्या. नव्या संहितेचा केंद्राचा मसुदा 19 नोव्हेंबर 2020 ला आला, त्यालाही 45 दिवस होते. करोनाचं वर्ष. वाळूजची निम्मी पोरं तेव्हा गावाकडून परतलेलीही नव्हती.

'ज्यांच्यावर परिणाम होणार' ती माणसं राजपत्र कुठे वाचतात, कल्पना आहे का? मसुद्याची पीडीएफ पहिल्यांदा माझ्यासारख्या कागदवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते. तिथून कन्सल्टंटकडे, तिथून उद्योजकांच्या संघटनेकडे. ते बैठक घेतात, वकील लावतात, दहा पानी हरकती पाठवतात. त्यांचा हक्कच आहे, त्यात वाईट काही नाही. मोठ्या कंपन्यांत युनियन असते, तीही पाठवते. पण शेडमधला ठेकेदारी पोरगा? बारा तासांची पाळी, रांजणगावच्या दहा बाय दहाच्या खोलीत चौघे, त्याने शे-दीडशे पानं वाचून 45 दिवसांत मुंबईला मेल करायचा. सव्वीस वर्षांत मशीनवर उभ्या राहणाऱ्या एकाही माणसाने हरकत पाठवलेली मी पाहिली नाही. आणि मग फाईलवर शेरा पडत असेल, कामगारांकडून हरकत प्राप्त नाही.

भाषेचंही बघा. एकदा मी हौसेने मराठी मसुद्याची चार पानं छापून जेवणाच्या सुट्टीत पोरांना वाचून दाखवली. पहिल्याच ओळीत 'भोगवटादार' आला. सगळी शेतकऱ्याची पोरं, त्यांना भोगवटादार सातबाऱ्यावरचा माहीत. एकजण म्हणाला, "म्हणजे कंपनीच्या जमिनीचं भांडण हाय का काही?" कारखान्याचा ताबा ज्याच्याकडे, जो जबाबदार, त्याला तुम्ही भोगवटादार म्हणता हे समजावेपर्यंत सुट्टीची घंटा झाली. बिहार-ओडिशाची पोरं तर उठूनच गेली होती. त्यांच्यासाठी हिंदीतलं एक पान कुणी काढलं आहे का?

आणि हे सगळं तुम्हाला जमत नाही असंही नाही, कारण दुसऱ्या एका कामात जमतं. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे मोठा प्रकल्प यायचा असला की जनसुनावणी होते. प्रकल्पाच्या जागेवर किंवा अगदी जवळ. जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या जागी वरिष्ठ अधिकारी बसतात, मांडव पडतो, माइक असतो, चित्रीकरण होतं, आणि शेवटी कोण काय बोललं ते स्थानिक भाषेत तिथेच वाचून दाखवावं लागतं. अशा एका सुनावणीला मी गेलो होतो. नऊवारीतल्या एका आजीने माइक हातात घेऊन विहिरीच्या पाण्याचं विचारलं आणि ते कागदावर आलं. म्हणजे चिमणीतून बाहेर पडणाऱ्या धुराविषयी तुम्ही मांडव घालून विचारता. त्याच चिमणीच्या खाली उभ्या असलेल्या माणसाला मात्र ईमेल पत्ता देता.

वाळूजच्या बजाजनगरला, छोट्या पंढरपूरला, जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत असे मांडव घाला की. जालन्याच्या सळईच्या कारखान्यांत भट्टीपुढे उभी राहणारी माणसं आहेत. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या एका कारखान्यात भट्टीच्या स्फोटात कितीतरी जण भाजले. भट्टीत भंगार टाकताना त्यात ओल असली किंवा बंद डबा असला तर काय होतं, हे त्यांच्यापेक्षा चांगलं कुठला सल्लागार सांगणार? साप्ताहिक सुट्टी असते त्या दिवशी या, किंवा संध्याकाळी पहिली पाळी सुटल्यावर. ज्याला लिहिता येत नाही त्याचं तोंडी घ्या. नाव विचारू नका, विचारलं तर कुणी बोलणार नाही. ठेकेदाराचा माणूस मांडवाच्या कडेला उभा असणारच. आणि नंतर छापा, कोणत्या सूचना आल्या, कोणत्या घेतल्या, कोणत्या का नाही घेतल्या. 'विचारात घेतल्या' एवढ्यावर भागत नाही. 'समाधानकारक' हा शब्द मी तुमच्यासाठी वापरायचो, 'विचारात घेतल्या' हा तुम्ही आमच्यासाठी वापरता. आपण दोघेही एकाच शाळेतले.

एक गोष्ट राहिली, ती छोटी आहे, पण बाकी काही नाही जमलं तरी तेवढी करा. ओशाच्याच नियमात असं आहे की वर्षभरात कारखान्यात किती जण जखमी झाले, किती दिवस बुडाले, याचा एका पानाचा गोषवारा 1 फेब्रुवारी ते 30 एप्रिल कामगारांना दिसेल अशा जागी भिंतीवर लावायचा. मालक आणि खातं यांच्यातला हा कागद तिकडे भिंतीवर येतो. आपल्याकडे वार्षिक विवरणपत्र पोर्टलवर चढतं आणि तिथेच राहतं. ज्यांच्या जखमांचा तो आकडा आहे, त्यांनी तो कधी पाहिलेला नसतो. गेटवर लावायला सांगा. मी 'अपघात: निरंक' असं विवरणपत्र सलग कितीतरी वर्षं भरलं, ते कॅन्टीनच्या भिंतीवर लावावं लागलं असतं तर भरलं असतं का? आठ लोकांनी तिथल्या तिथे बोटं दाखवली असती, किंवा नसलेली बोटं. 1984 च्या भोपाळनंतर 1987 मध्ये कारखाने कायद्यात कामगाराला स्वतःच्या सुरक्षिततेची माहिती मागण्याचा हक्क आला, नव्या संहितेतही तो आहे. पण मागायला लागतो तो हक्क शेडमध्ये कुणी मागत नाही. मागितला की दुसऱ्या दिवशी गेटवर 'काम नाही' असं ऐकावं लागतं. भिंतीवरचा कागद कुणाला मागावा लागत नाही.

हे पत्र हरकत म्हणून नोंदवून घ्यावं आणि आवक क्रमांक कळवावा, ही विनंती. मेलनेही पाठवतो आहे, स्पीड पोस्टानेही. पोच दोन्हींची हवी.

सोबत दुसरी एक हरकत जोडली आहे, एका पानाची. ती माझी नाही. मागच्या महिन्यात त्या पोराला शोधून काढलं. आता पोरगा राहिला नाही, दोन लेकरांचा बाप आहे, गावी रसवंती चालवतो. उन्हाळ्यात रसवंती आणि बाकी वर्षभर दुसऱ्याच्या वावरात मजुरी. त्याला हे पत्र वाचून दाखवलं. 'किरकोळ' वाल्या ओळीपाशी थांबला, पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, मीबी लिहितो. मी लिहून देऊ का विचारलं तर नको म्हणाला. अर्धा तास लागला त्याला. अक्षर वाकडंतिकडं आहे, पण सगळं वाचता येतं.

खालची सही त्याने डाव्या हाताने केली आहे. आधारवरच्या किंवा बँकेतल्या जुन्या सहीशी ती जुळणार नाही. तेवढ्यासाठी कागद परत पाठवू नये.

आपला,
टाइम ऑफिसातला एक निवृत्त कारकून
वाळूज, जि. छत्रपती संभाजीनगर